रोमन दिनारियस : अक्षर आणि रुपें

नाणें ही वस्तु आमच्या टीकाकारांच्या कक्षेंत सहसा येत नाहीं. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर चित्र व शिल्प येथवर रसिकाची दृष्टि जाते. नाणें मात्र इतिहाससंशोधकाच्या पेटींत किंवा सराफाच्या तागडींत पडून राहतें. वस्तुतः ज्यावर चित्र आहे, अक्षर आहे, पुष्कळदां कर्त्याचें नांवही आहे, आणि जें लक्षावधि लोकांच्या हातीं पडावें अशाच हेतूनें घडविलेलें आहे, त्याचा विचार वाङ्मयाच्या दृष्टीनें कां करूं नये? युरोपांत मुद्रणकला अवतरली त्याच्या दीड हजार वर्षांहून अधिक आधीं रोमच्या लोकांपाशीं एकच मजकूर हजारों ठिकाणीं जसाच्या तसा पोंचविण्याचें एक साधन होतें, आणि तें म्हणजे त्यांची टांकसाळ.

या विचारासाठीं आमच्या भाषेनें एक सोय फार पूर्वींच करून ठेविली आहे. ‘अर्थ’ या एका शब्दानें आपण शब्दाचा आशयही सांगतों आणि द्रव्यही सांगतों. नाण्याच्या ठिकाणीं हे दोन्ही अर्थ एकाच चकतीवर येऊन बसतात. वर उमटलेलीं अक्षरें एक गोष्ट सांगतात, आणि खालचा धातु दुसरी. या दोन साक्षी जुळल्या म्हणजे आपले लोक ‘बंदा रुपया’ म्हणून समाधानानें मान हलवितात. न जुळल्या म्हणजे ‘वर मुलामा, आंत तांबें’ म्हणून तेंच नाणें बाजूस सारतात. आमच्या मतें नाण्याच्या परीक्षणाची याहून चांगली कसोटी नाहीं. ती लावून रोमच्या रुप्याच्या नाण्याचें, म्हणजे दिनारियसचें, परीक्षण करावें असा या लेखाचा हेतु आहे.

दिनारियस जन्मास आलें तें राष्ट्राच्या घोर संकटांत. हॅनिबॉल इटलींत ठाण मांडून बसला होता, इ. स. पू. २१६ मध्यें कॅनी येथें रोमचें सैन्य कापलें गेलें होतें. युद्धाच्या खर्चानें खजिना रिता झाला होता, आणि तोंपर्यंत चालत असलेल्या रुप्याच्या नाण्यांत हीण मिसळण्याची पाळी आली होती. अशा वेळीं, इ. स. पू. २११ च्या सुमारास, रोमनें सगळी नाणेंपद्धतिच नवी केली. एका रोमन रत्तलांतून ७२ या हिशेबानें, म्हणजे सुमारें साडेचार ग्रॅम वजनाचें, जवळजवळ शुद्ध रुप्याचें हें नाणें पाडण्यांत आलें. प्लिनीनें रोममधील रुप्याच्या नाण्याचा आरंभ इ. स. पू. २६९ हा दिला असल्यामुळें कालनिर्णयाचा वाद पुष्कळ दिवस चालला होता. पण विसाव्या शतकांत सिसिलींतील मॉर्गांतिना या गांवीं उत्खनन झालें, इ. स. पू. २११ मध्यें पडलेल्या त्या नगराच्या थरांत अगदीं कोरीं दिनारियस सांपडलीं, आणि वाद मिटला.

या पहिल्या दिनारियसची रचना पाहण्यासारखी आहे. दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेलें रोमा देवतेचें मस्तक. मागें दहाचा आंकडा, कारण हें नाणें ‘अस्’ नांवाच्या दहा कांशाच्या नाण्यांच्या मोलाचें. आणि ‘दिनारियस’ या नांवाचा अर्थही दहाचें हाच. उलट बाजूस घोड्यांवरून दौडत येणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव, ज्यांना पाहून आपणांस अश्विनीकुमारांची आठवण व्हावी. आणि खालीं चार अक्षरांचा एकच शब्द, ‘रोमा’. कोणा पुरुषाचें नांव नाहीं, विजयाची बढाई नाहीं. देवता, मोल आणि नगराचें नांव एवढ्यांत मजकूर संपला. तोंडांतून निघालेल्या प्रत्येक शब्दाखालीं त्याच्या वजनाचें रुपें होतें. सूत्रशैलीचा नमुना म्हणून ही रचना कोणत्याही वाङ्मयांत मिरवावी अशी आहे.

पुढें दोन फरक झाले. कांहीं वर्षांतच वजन रत्तलास ८४ असें, म्हणजे सुमारें ३.९ ग्रॅमवर आलें, आणि तें तेथें अडीच शतकें स्थिर राहिलें. दुसरा फरक इ. स. पू. १४१ च्या सुमाराचा. त्या वेळीं दिनारियस दहाऐवजीं सोळा अस् मोलाचें ठरलें. नांव दहाचें, मोल सोळाचें! शब्द आणि अर्थ यांच्यामध्यें पडलेली ही पहिली बारीक चीर होय. परंतु त्या काळच्या अधिकाऱ्यांनीं कांहीं दिवस दहाच्या जागीं सोळाचा आंकडा नाण्यावर उघडपणें छापला हें त्यांच्या प्रामाणिकपणास शोभेसेंच झालें. बदल करावा लागला तर तो अक्षरांत सांगावा, एवढें पथ्य ते लोक पाळीत होते.

टांकसाळ जूनो मोनेटा या देवीच्या मंदिराशेजारीं होती; इंग्रजींतील ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे दोन्ही शब्द त्या देवीच्या नांवावरून आले. कारभार तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. राजकारणाच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या या तरुणांस लवकरच असें सुचलें कीं, आपल्या नांवाची आणि कुळाची कीर्ति गांवोगांव पोंचविण्यास याहून स्वस्त वाहन मिळणार नाहीं. मग पूर्वजांचे पराक्रम, कुळाच्या दंतकथा, बांधलेलीं मंदिरें हीं सर्व नखाएवढ्या जागेंत उतरूं लागलीं. टिट्यूरियस सॅबायनस नांवाच्या अधिकाऱ्यानें इ. स. पू. ८९ मध्यें आपण सॅबाइन वंशाचे आहों हें दाखविण्यासाठीं रोमन लोकांनीं सॅबाइन स्त्रिया पळविल्याचा प्रसंग कोरविला. त्याच सुमारास रोमविरुद्ध उठलेल्या इटलीच्या मित्रराज्यांनीं स्वतःचीं नाणीं पाडलीं. त्यांतील एकावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीस शिंगांनीं भोसकतो आहे. कौतुकाची गोष्ट ही कीं, हा शिव्याशापही त्यांनीं दिनारियसच्याच घाटांत आणि दिनारियसच्याच वजनांत दिला. ज्याच्याशीं भांडावयाचें त्याचीच भाषा वापरावी लागते, इतका त्या भाषेचा दरारा होता.

हा दरारा अक्षरांच्या सौंदर्यामुळें नव्हता. त्याच्यामागें पारख करणारांची एक मोठी फळी उभी होती, आणि वाचकांचें लक्ष आम्ही विशेषेंकरून तिकडे वेधूं इच्छितों. रोमच्या पेढ्यांवर नाणीं तपासून थैल्यांत भरणारे लोक असत. ते बहुधा गुलाम असत. तपासलेल्या थैलीस हाडाची किंवा हस्तिदंताची एक लहान पट्टी बांधीत. तिच्यावर तपासणाराचें नांव, तारीख आणि ‘स्पेक्ताव्हित’, म्हणजे ‘यानें पाहिलें’, एवढा शब्द कोरलेला असे. अशा पट्ट्या आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. आपल्याकडे पेशवाईंत पोतदार जें काम करी तेंच हें. इ. स. पू. ८५ च्या सुमारास नाण्यांच्या मोलाविषयीं इतका गोंधळ माजला कीं, आपल्याजवळ खरोखर किती द्रव्य आहे हें कोणासही सांगतां येईना. तेव्हां मेरियस ग्रॅटिडियॅनस या अधिकाऱ्यानें नाणीं पारखण्याविषयीं जाहीरनामा काढला. लोकांना त्याचा एवढा आनंद झाला कीं, त्यांनीं रस्तोरस्तीं त्याचे पुतळे उभारले आणि त्यांच्यापुढें धूप जाळून दिवे लावले. सेनापतींचे पुतळे सर्वच राष्ट्रें उभारतात. खऱ्याखोट्याची निवड करून देणाराची पूजा करणारें राष्ट्र विरळा. तीनच वर्षांनीं यादवी युद्धांत सलाच्या पक्षानें त्या ग्रॅटिडियॅनसचा हाल हाल करून वध केला, ही गोष्ट त्या राष्ट्राच्या पुढील दशेची सूचनाच म्हणावयाची.

त्या यादवीच्या युगांत दिनारियसची वाणी अतिशय तेजस्वी झाली. इ. स. पू. ५४ मध्यें ब्रूटस हा टांकसाळीचा अधिकारी असतां त्यानें एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचें मस्तक आणि दुसऱ्या बाजूस राजांना हांकून लावणारा आपला पूर्वज ब्रूटस असें नाणें पाडलें. इ. स. पू. ४४ च्या आरंभीं सीझरनें रोमच्या नाण्यावर स्वतःचा, म्हणजे जिवंत पुरुषाचा, चेहरा आणविला. रोमच्या टांकसाळींत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. बाजूस बिरुद होतें, ‘आमरण सर्वाधिकारी’. पंधरा मार्च रोजीं सीझर मारला गेला. पुढें ग्रीस-मॅसिडोनियाकडे सैन्य जमवीत असतां ब्रूटसनें तें प्रसिद्ध दिनारियस काढलें: दोन खंजीर, त्यांच्यामध्यें दास्यमुक्त झालेल्या माणसानें घालावयाची टोपी, आणि खालीं ‘एइद् मार्’, म्हणजे मार्च महिन्याच्या मध्याचा तो दिवस. दोन खंजीर, एक टोपी, सहा अक्षरें. एवढ्यांत एका राज्यक्रांतीचें कारण, साधन, फळ आणि तिथि सांगून झाली. संक्षेपाच्या दृष्टीनें जगाच्या नाण्यांत याला तोड नाहीं असें आमचें मत आहे.

पण नाणें उलटून पाहिलें म्हणजे मन चरकतें. दुसऱ्या बाजूस चेहरा आहे तो खुद्द ब्रूटसचा! ज्या उद्दामपणाबद्दल सीझरला मारलें, तोच उद्दामपणा मारणारानें दोन वर्षांच्या आंत आपल्या नाण्यावर छापला. आणि स्वातंत्र्याचा हा उद्घोष ज्या शिपायांच्या ओंजळींत पडला त्यांनीं तो पगार म्हणूनच मोजून घेतला. या नाण्यांत रुपें चोख आहे. फांटा आहे तो नाण्याच्या दोन बाजूंमध्यें. दहा वर्षांनीं अँटनीनें आपल्या आरमारी युद्धासाठीं प्रत्येक पलटणीच्या नांवाचीं दिनारियस काढलीं, त्यांत मात्र रुपें कांहींसें कमी घातलें. लोकांनीं तें ओळखलें. चांगलीं नाणीं घरीं पुरून ठेविलीं आणि अँटनीचीं खर्चीं घातलीं. परिणाम असा कीं, अँटनी मेल्यावर दोनशें वर्षें त्याचीं तीं झिजून गुळगुळीत झालेलीं नाणीं बाजारांत फिरतच होतीं. पारखीची बुद्धि सामान्य माणसापाशींही असते, हें यावरून दिसतें.

ऑगस्टसनें यादवी संपविली आणि दिनारियस पुन्हा जवळजवळ निर्भेळ रुप्याचें केलें. अशा दिनारियसनीं शिपायाचा वर्षाचा पगार २२५ होत असे. या काळच्या नाण्यांवर तीन समीक्षकांचे अभिप्राय उपलब्ध आहेत, आणि तिघांतून एकाचेंही लॅटिनशीं कांहीं देणेंघेणें नव्हतें हा त्यांचा मोठा गुण होय. पहिला सिंहलद्वीपाचा राजा. प्लिनी सांगतो कीं, क्लॉडियसच्या कारकीर्दींत एका रोमन मक्तेदाराचा सेवक अरबस्तानाजवळून वाऱ्यानें भरकटत त्या बेटास लागला. राजानें त्याच्याजवळचीं दिनारियस पाहिलीं. त्यांवरील चेहरे निरनिराळे, म्हणजे राजे निरनिराळे. पण वजन सर्वांचें सारखें. एवढ्यावरून हे लोक न्यायी आहेत असें त्यानें ठरविलें आणि रोमला वकील पाठविले. दुसरे समीक्षक जर्मन टोळ्यांतील लोक. टॅसिटस म्हणतो कीं, ते जुनीं व पूर्वपरिचित नाणीं पसंत करीत. कडेला करवतीसारखे दांते असलेलीं किंवा दोन घोड्यांच्या रथाचें चित्र असलेलीं प्रजासत्ताकाच्या वेळचीं दिनारियस त्यांना आवडत.

तिसरे समीक्षक आमचे पूर्वज. दक्षिण हिंदुस्थानांत, विशेषतः कोइमतूरच्या बाजूस आणि तेलंगणांत, रोमन दिनारियसचे जे सांठे सांपडले त्यांत ऑगस्टस आणि टायबीरियस या दोघांच्याच नाण्यांचा भरणा आहे, आणि त्यांतही दोन छापांचाच. पुढील बादशहांचीं रुप्याचीं नाणीं तेथें तुरळक. भडोच बंदरांत सोन्याचीं व रुप्याचीं दिनारियस देशी नाण्यांशीं बदलून नफा होतो असें ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाच्या कर्त्यानें व्यापाऱ्यांस सांगून ठेविलें आहे. प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे कीं, हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्यांतून पांच कोटि सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटि दिनारियसच्या मोलाचें द्रव्य ओढून घेतो. या वाक्यावर भिस्त ठेवून आमच्या मिऱ्यांनीं आणि मलमलीनें रोम बुडविलें असें अभिमानानें लिहिणारे कांहीं लेखक आमच्यांत आहेत. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, पूर्वेकडील मालावर रोमचें सरकार चौथाई जकात घेत असे. गिऱ्हाइकाचा पैसा बाहेर गेला तरी खजिन्याचा त्यांत मोठा लाभ होता. दिनारियस बिघडलें त्याचीं कारणें घरचींच आहेत.

भडोचच्या या व्यापाराच्या वेळीं त्या प्रांतावर जो राजा होता तो बहुतेक पंडितांच्या मतें क्षहरात क्षत्रप नहपान. त्याचें राज्य नाशिक-जुन्नरपर्यंत पसरलें होतें, आणि त्याच्या रुप्याच्या नाण्यांवर चेहरा व ग्रीक लिपींतील अक्षरें आहेत. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें अशीं तेरा हजारांहून अधिक नाणीं एके ठिकाणीं सांपडलीं. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें पर्वताचें आणि उज्जयिनीचें चिन्ह असा आपला छाप पुन्हा मारला आहे. शत्रूची वाणी पुसली, आपली उमटविली. रुप्यास हात लावला नाहीं. जुन्या चेहऱ्याचे अवशेष नव्या चिन्हांखालून अजून डोकावतात. राज्य बदललें हें त्या नाण्यानें सांगितलें, आणि तें तंतोतंत खरें होतें. हीच क्रिया उलट झाली तर काय होतें, म्हणजे अक्षरें तींच ठेवून खालचें रुपें काढून घेतलें तर काय होतें, हें पाहण्यासाठीं पुन्हा रोमकडे वळलें पाहिजे.

इ. स. ६४ मध्यें नीरोनें रत्तलास ९६ असें वजन उतरविलें, आणि कसही कमी केला. किती कमी केला हा प्रश्न सुटण्यास आपल्या काळापर्यंत थांबावें लागलें, आणि त्याचें कारण मोठें बोधप्रद आहे. टांकसाळींत भेसळीची चकती तापवून अम्लांत बुडवीत; त्यानें पृष्ठभागावरील तांबें निघून जाई आणि रुप्याचें पातळ कातडें उरे; त्यावर ठसा मारला कीं नाणें लखलखे. पूर्वींच्या शास्त्रज्ञांनीं पृष्ठभागच तपासला, आणि ते फसले. बुचर आणि पाँटिंग या दोघा संशोधकांनीं नाण्यांच्या कडेस बारीक छिद्र पाडून आंतला धातु तपासला आणि २०१४ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां नीरोच्या नव्या दिनारियसमध्यें रुपें सुमारें ८० टक्केच भरलें. डोमिशियननें इ. स. ८२ मध्यें कस पुन्हा शुद्धतेजवळ नेला, पण तीन वर्षांतच त्याला माघार घ्यावी लागली. ट्रेजनच्या वेळीं प्रमाण परत ८० च्या घरांत आलें. एकोणीसशें वर्षें टिकलेला मुलामा प्रयोगशाळेंतील पंडितांसही चकवितो, मग बाजारांतल्या माणसाची काय कथा!

खरी घसरण १९३ सालीं दिसते. त्या वर्षीं पर्टिनॅक्स बादशहा झाला. त्यानें नाण्यांतील रुपें वाढविलें, आणि शिपायांस शिस्त लावूं म्हटलें. तीन महिन्यांच्या आंत त्याच शिपायांनीं त्याला ठार केलें. मग त्यांनीं राज्यच लिलांवास काढलें. दिदियस ज्यूलियॅनस यानें दर शिपायास ६,२५० दिनारियस बोलून तें घेतलें. या मनुष्याचें राज्य ६६ दिवस टिकलें. तेवढ्यांत त्यानें जीं दिनारियस पाडलीं त्यांतील एकावर लेख आहे, ‘सैनिकांचें ऐकमत्य’. लिलांवांत घेतलेलें ऐकमत्य! त्याच्यामागून आलेल्या सेप्टिमियस सेव्हीरसनें शिपायांचा पगार वाढविला आणि दोन वर्षांत रुप्याचें प्रमाण निम्म्याच्या आसपास आणलें. आणि त्याच्या दिनारियसवर एक बिरुद झळकूं लागलें, ‘शांतीचा संस्थापक’. त्याचा मुलगा कॅराकॅला यानें २१५ सालीं एक नवें नाणें काढलें. बादशहाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट होता. तें दोन दिनारियसच्या मोलाचें म्हणून चालविलें असावें, पण त्यांत रुपें होतें दीड दिनारियसचें. २४० च्या सुमारास मूळ दिनारियस पाडणेंच जवळजवळ बंद झालें.

शेवटीं गॅलिएनसची कारकीर्द. त्याचा बाप व्हॅलेरियन २६० मध्यें इराणच्या शापूरचा कैदी झाला. पश्चिमेचे प्रांत फुटून निघाले. पूर्वेकडे पाल्मायराचें राज्य प्रबळ झालें. नाण्यांत रुपें उरलें शेंकडा दोन-तीन. आणि लेख पाहावे तर ‘सैनिकांची निष्ठा’, ‘बादशहाची समृद्धि’, ‘चिरंतन शांति’, ‘चिरंतन निर्भयता’! सर्व सद्गुण हातांत कणसें आणि काठ्या घेऊन रांगेनें उभे आहेत. पहिल्या दिनारियसवर चार अक्षरें होतीं आणि त्यांच्याखालीं साडेचार ग्रॅम रुपें होतें. आतां शब्दांची रेलचेल झाली आणि रुपें दिसेनासें झालें. ज्या गुणाची उणीव, त्याचेंच नांव नाण्यावर, असा जणूं नियमच होऊन बसला होता.

येथें दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, हीं अक्षरें वाचीत होतें कोण? ए. एच्. एम्. जोन्स या इतिहासकारानें १९५६ सालीं हाच प्रश्न केला होता. आपण तिकिटावरील चित्र जितकें पाहतों तितकेंच ते लोक नाणें पाहत असतील, असा त्याचा रोख होता. परंतु ब्रूटसच्या खंजिरांच्या नाण्याचें वर्णन अडीच शतकांनंतर डायो कॅसियस हा इतिहासकार करतो. आणि कॅलिग्युला मेल्यावर त्याचा चेहरा असलेलीं कांशाचीं नाणीं वितळवावीं असें सीनेटनें ठरविलें होतें. जें कोणी पाहतच नाहीं तें वितळविण्याची यातायात कोण करील?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रुपें गेलें म्हणजे नाणें खोटें झालें असें म्हणावें, तर आपल्या खिशांतील कागदी नोटेचें काय? तिच्यांत तर रुप्याचा कणही नाहीं. शिवाय रोममध्यें कस उतरत असतां भाव लगेच त्या प्रमाणांत चढले नाहींत. ईजिप्तमध्यें रोमशीं निगडित असें निराळें चलन होतें; तेथील पपायरसांवरून दिसतें कीं, तिसऱ्या शतकांत पुष्कळ काळ भाव बरेचसे स्थिर होते, आणि २७४ नंतर लवकरच ते एकदम दसपटीच्या घरांत गेले. म्हणजे लोकांनीं धातूवर नव्हे, शब्दावर विश्वास ठेवून पिढ्यान् पिढ्या व्यवहार चालविला. त्यांत त्यांची मूर्खता नव्हती. राज्यावरील तो विश्वास हेंच खरें भांडवल होतें, आणि स्पेनच्या खाणींचें उत्पन्न घटलें, १६५ नंतर सांथीनें माणसें मेलीं, सरहद्दी पेटल्या, तेव्हां राज्यकर्ते त्या भांडवलावरच जगत होते हें कबूल केलें पाहिजे. त्यांना केवळ लबाड म्हणून मोकळें होणें अन्यायाचें होईल.

तरीही आमचा निर्णय बदलत नाहीं. नोट आपण कागद आहों हें लपवीत नाहीं. ती वचन म्हणून हातीं येते आणि वचन म्हणूनच तिची परीक्षा होते. गॅलिएनसचें नाणें रुप्याचें कातडें पांघरून येत होतें. कस उतरविणें हा कित्येकदां राज्यकर्त्याचा नाइलाज असतो. पण उतरलेला कस अक्षरांनीं आणि झिलईनें झांकणें हा नाइलाज नसतो. दहाचें नाणें सोळाचें झालें तेव्हां जुन्या रोमनें तो आंकडा बदलून छापला होता. पुढच्या रोमला तेवढें धैर्य राहिलें नाहीं.

डायोक्लीशियननें २९४ च्या सुमारास पुन्हा चोख रुप्याचें एक नाणें काढलें आणि त्यावर रत्तलास ९६ हा आंकडाच ठोकला. पण तोंपर्यंत दिनारियस ही वस्तु राहिली नव्हती, केवळ हिशेबाचें नांव उरलें होतें. ३०१ च्या त्याच्या भावांच्या फर्मानांत एक रत्तल सोन्यास ७२,००० दिनारियस असा दर आहे. ऑगस्टसच्या वेळीं तेवढें सोनें सुमारें हजारांत मिळे. नांव मात्र अमर झालें. संस्कृतांत तें ‘दीनार’ म्हणून सोन्याच्या नाण्यास चिकटलें. अरबांनीं तें घेतलें. इंग्रजांच्या हिशेबांत पेनीच्या ‘डी’ या अक्षरांत तें १९७१ पर्यंत टिकलें. आणि गोमंतकांत ऐकूं येणारा पैसा या अर्थाचा पोर्तुगीज शब्दही त्याच्याच पोटीं जन्मलेला. धातु नष्ट होऊनही शब्द तगावा असा हा विरळा योग आहे, आणि पहिल्या अडीच शतकांत मिळविलेल्या लौकिकाचें तें व्याज आहे असें आम्ही समजतों.

वाङ्मयाच्या मासिकांत या सर्व पुराणाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. आमच्याकडे ग्रंथ, प्रस्तावना, अभिनंदनें आणि मानपत्रें यांचें पीक उदंड आहे, आणि त्यांवर ‘अमर’, ‘युगप्रवर्तक’, ‘अद्वितीय’ असे ठसे सढळ हातानें मारलेले असतात. त्या ठशांचें वर्णन करणें म्हणजे टीका, अशी समजूत रूढ होऊं पाहत आहे. टीकाकाराचें काम त्या रोमन पेढीवरील गुलामाचेंच आहे. त्यानें थैली सोडावी, एकेक नाणें वाजवून पाहावें, संशय आल्यास कडेला छिद्र पाडावें, आणि मग आपल्या नांवाची पट्टी बांधून तिच्यावर एवढेंच लिहावें कीं, यानें पाहिलें.